केरबाच्या नावाचं ‘आलो’

माळाच्या कडेला वसलेल्या एका गावात काही वादळवेडे गडी राहत होते. वळवाच्या दिवसांत आभाळ काळं झालं की लोक शेळ्या आत घेत आणि हे जीप बाहेर काढत. ढगांमागे धावायचं, विजांचे फोटो काढायचे, जगाला दाखवायचे, हा त्यांचा नाद. भालचंद्र त्यांचा म्होरक्या.

त्यांचा एक नियम होता. माळावरून निघताना भालचंद्रने एकेकाचं नाव पुकारायचं. ज्याने त्याने "आलो!" म्हणायचं. सगळ्यांचं झाल्याशिवाय जीप हलवायची नाही. या नियमाच्या भरवशावरच त्यांच्यातल्या केरबाची आई त्याला जाऊ देत असे.

एका दुपारी गारा सुरू झाल्या. सगळे जीपकडे पळाले. भालचंद्रच्या कॅमेऱ्याचा स्टँड माळावरच राहिला. "केरबा, तेवढा आण की लेका," तो म्हणाला. केरबा परत धावला.

तेवढ्यात पश्चिमेला दुसरा ढग उठला, पहिल्यापेक्षा देखणा. "चला, चला, निसटतोय!" म्हणत भालचंद्रने भराभर नावं घेतली. "केरबा!" जीपमधून कुणीतरी म्हणालं, "आलो!" जीप सुटली.

संध्याकाळी केरबा माळावर सापडला. अंगावर वीज पडली होती. स्टँड शेजारीच होता.

दहाव्याला ही मंडळी केरबाचा मोठा फोटो घेऊन आली. हार घातलेला. भालचंद्र उभा राहून म्हणाला, "वादळावर प्रेम करणारा वीर वादळातच गेला. असं मरण भाग्यवानाला येतं."

लोकांनी माना डोलावल्या. केरबाचा धाकटा भाऊ म्हादू ताडकन उठला. एरवी तो भालचंद्रला दादा म्हणायचा.

"भाग्य? मग ते तुझ्या वाट्याला का न्हाई आलं? स्टँड तर तुझा हुता!"

"म्हादबा, हजेरी घेतली हुती रं. त्यो 'आलो' म्हणाला. देवाशप्पथ."

"त्यो माळावर हुता. मग जीपमधनं बोललं कोण?"

म्हादूने मोठ्याने पुकारलं, "भालचंद्र!"

भालचंद्रने इकडेतिकडे पाहिलं.

"बोल की! जिता हाईस न्हवं?"

"आलो," तो पुटपुटला.

म्हादूने बाकीच्यांचीही नावं घेतली. खाली बघत एकेक जण बोलला. मग तो फोटोकडे वळला. "केरबा!"

मग तो जीपवाल्यांकडे फिरला.

"आता का गप? द्या की आवाज! त्या दिवशी तर लई घाई हुती!"

म्हादूने फोटोवरचा हार काढला आणि भालचंद्रच्या हातात कोंबला. आई दारात बसून होती. तिने एवढंच विचारलं, "माझ्या लेकाच्या नावानं कोण बोललं, तेवढं सांगा रं."

ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या वळवाला जीप मात्र निघाली.

तात्पर्य: सोबत्याला मागे टाकून पळालेल्यांनी त्याला वीर म्हणू नये, आम्ही त्याला टाकून आलो, हे आधी कबूल करावं.