बिनखाड्याचा शेला

एकदा एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे एक वृद्ध जाणकार होते. सगळे त्यांना नाना म्हणत. पेढीचा गोडा मसाला त्यांच्या देखरेखीखाली तयार होई. चाळीस वर्षांत त्यांनी एकही खाडा केला नव्हता. अशा बिनखाड्याच्या कामाबद्दल व्यापाऱ्याच्या वडिलांनी काही वर्षांपूर्वीच त्यांना भरजरी शेला पांघरवला होता. तो पेढीवरच खुंटीला मानाने टांगलेला असे.

नानांची एक शिष्या होती. सात वर्षे ती त्यांच्या हाताखाली शिकत होती. एके सकाळी ती तापाने फणफणत, चोंदलेल्या नाकाने व्यापाऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने तीन दिवसांची रजा मागितली.

"शिंक आली की रजा!" व्यापाऱ्याचा पारा चढला. "तो शेला बघ आणि कामाला लाग. घरी जायचं असेल, तर परत येऊ नकोस."

बिचारी मुकाट्याने कढईकडे वळली. तेव्हा नाना उठले.

"शेठ, मी डोळे मिटतो. वाटीत काहीही घालून माझ्या नाकाशी धरा."

व्यापाऱ्याला गंमत वाटली. त्याने चुलीतली थंड राख वाटीत घेतली. नानांनी दीर्घ श्वास घेतला. "उत्तम. दगडफूल तेवढं किंचित जास्त झालंय."

व्यापारी खो खो हसला आणि मग एकाएकी वाटीतल्या राखेकडे पाहू लागला.

नाना शांतपणे म्हणाले, "शेला मिळाला त्या वर्षी मलाही असाच ताप होता. खाडा नको म्हणून पंधरा दिवस मिरच्यांच्या धुरात बसलो. सर्दी गेली, ती वास घेऊनच गेली. पुढे खोबऱ्याचा रंग पाहून, तिळाची तडतड ऐकून निभावलं. पोटाचा प्रश्न होता, सांगायची हिंमत झाली नाही. मग ही पोर आली. ‘काय वाटतं गं?’ असं मी विचारायचो. हिला वाटायचं, नाना परीक्षा घेतायत. सात वर्षं तुमची पेढी हिच्या नाकावर चालली आहे, शेठ. तेही आता धुरात घालवायचं का?"

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. नानांनी शेला काढून तिच्या अंगाभोवती लपेटला.

व्यापाऱ्याने स्वतः कढई चुलीवरून उतरवली. "बरी होऊन ये, बाई," तो म्हणाला. मग जरा घुटमळून नानांकडे वळला, "नाना, तुम्हीही घ्या चार दिवस रजा."

नाना हसले. "माझी रजा घ्यायची वेळ तेव्हा होती, शेठ. आता ती घेऊन काय परत येणार?"