वेटोळी सुटली!

एक होतं वांग्याचं पान. पानात होती इवलीशी पेशी. डोळ्यांना न दिसणारं घरच म्हणा ना! त्या घरात राहायची वेटोळी. धाग्यासारखी बारीक. गोल गोल बसायची, पानासाठी खाऊ करायची.

एकदा ऊन तापलं. चर्र चर्र!
वेटोळीचं वेटोळं सुटलं. धागा लोंबला. आता खाऊ कसा करणार? पान मलूल झालं.

वेटोळी निघाली, सुळुक सुळुक. भेटल्या घडीकाकू, सुटलेले धागे गुंडाळणाऱ्या.
"घडीकाकू, घडीकाकू, मला गुंडाळा ना!
तुम्ही गुंडाळाल, तर पान हसेल!"
"सुटलेले शंभर, मी एकटी! विणकरदादा मदतनीस विणेल, तर मी गुंडाळीन."

सुळुक सुळुक. भेटला विणकरदादा.
"विणकरदादा, विणकरदादा, मदतनीस विण ना!
तू विणशील, तर काकू गुंडाळतील.
काकू गुंडाळतील, तर पान हसेल!"
"नमुना कुठाय? मनाने विणलं, तर गणपतीचा मारुती होतो! वहीताई नमुन्याची नक्कल देईल, तर मी विणीन."

सुळुक सुळुक. भेटली वहीताई. जाडजूड, घट्ट मिटलेली.
"वहीताई, वहीताई, नक्कल दे ना!
तू नक्कल देशील, तर दादा विणेल.
दादा विणेल, तर काकू गुंडाळतील.
काकू गुंडाळतील, तर पान हसेल!"
"मी उगाच उघडत नाही हं! टकटकमामा टकटक करतील, तर मी नक्कल देईन."

सुळुक... सुळुक... भेटले टकटकमामा.
"टकटकमामा, टकटकमामा, टकटक करा ना!
तुम्ही टकटक कराल, तर ताई नक्कल देईल.
ताई नक्कल देईल, तर दादा विणेल.
दादा विणेल, तर काकू गुंडाळतील.
काकू गुंडाळतील, तर पान हसेल!"
"करतो की! पण माझा हात कुणी धरलाय, बघ."
वेटोळीने पाहिलं. हात धरला होता घडीकाकूंनी, तिथूनच हात लांब करून!
"गार असलं की धरतात, मी उगाच वाजवू नये म्हणून," मामा म्हणाले. "आता भाजतंय, तरी सोडत नाहीत!"

"काकू, मामांचा हात सोडा!"
"अगबाई! धरलाय की अजून!"

काकूंनी हात सोडला.
मामांनी केलं टक टक टक!
वहीताई उघडली, फर्रर्र! तिने दिली नक्कल.
दादाने विणलं, खटखट खटखट!
विणून काय आलं? अजून घडीकाकू! एक, दोन, तीन, दहा!
सगळ्या एकदम म्हणाल्या, "अगबाई!"
आणि वेटोळीला गुंडाळलं. गोल गोल गोल!

पान हसलं.
ऊन काही कमी झालं नाही.
वेटोळी म्हणाली, "ताप बाबा खुशाल! मला काम आहे."