टोचल्याचा ताप

फार जुन्या काळची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहायचा. लोकांची लुगडी, पागोटी रंगवून द्यायचा. त्याला आणि त्याची बायको भिवरा हिला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एक मुलगी झाली. तिचं नाव ठकू. ती नुकतीच चालायला लागली होती आणि वाळत घातलेल्या कापडांखालून दिवसभर पळायची.

त्या काळी देवीच्या रोगाचा फार धाक होता. अंगभर फोड यायचे, ताप उतरायचा नाही. काही मुलं वाचायची, काहींचे डोळे जायचे, कितीतरी दगावायची. एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली, की शहरातून डॉक्टर चावडीवर आले आहेत. ते मुलांच्या दंडावर देवी टोचतात, म्हणजे पुढे हा रोग होत नाही.

शेजारची सुतारीण म्हणाली, तिच्या भाच्याला टोचल्यावर ताप भरला आणि हात सुजला. ती काही आपल्या मुलांना नेणार नव्हती. हे ऐकून रंगारी घाबरला. घरी येऊन त्याने सांगून टाकलं, की ठकूला टोचायचं नाही.

"मला लहानपणी देवी आल्या होत्या," तो म्हणाला. "मी वाचलोच ना? तीही वाचेल."

भिवराने ठकूला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या पाठच्या बहिणीला, मैनालाही तेव्हाच आल्या होत्या. तुम्ही वाचलात, म्हणून तुम्ही सांगताय. ती सांगायला राहिली नाही."

मैनाचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. रंगारी रंगाने ओल्या हातांनी तसाच खाली बसला.

"भीती मलाही वाटते हो," भिवरा म्हणाली. "पण जाऊन विचारू तरी."

दोघं ठकूला घेऊन चावडीवर गेले. भिवराने मनात होतं ते सगळं विचारलं. म्हातारे डॉक्टर वैतागले नाहीत. दंडावर फोड येईल, ताप येईल, पोर किरकिर करेल, व्रण जन्मभर राहील, असं त्यांनी सरळ सांगितलं. क्वचित एखाद्या मुलाला जास्त त्रास होतो, हेही लपवलं नाही. काहीच होणार नाही अशी शपथ घ्या, असं रंगारी म्हणाला.

"तशी शपथ मी घेणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण टोचल्याचा ताप मी पाहिलाय आणि देवीचाही पाहिलाय. माझ्या नातवंडांना मी माझ्या हातांनी टोचलंय."

रंगाऱ्याने ठकूला मांडीवर घट्ट धरलं. ती रडली, तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

आठवडाभराने खरंच ताप चढला. दंड लाल झाला, ठकू काही खाईना. आपणच हे ओढवून घेतलं, असं रंगाऱ्याला वाटायला लागलं. भिवराचाही धीर सुटत चालला होता, पण ती बोलून दाखवत नव्हती. मग एका सकाळी ठकू उठून बसली आणि दूधभाकरी मागायला लागली. द्यायला उशीर झाला म्हणून तिने वाटी भिरकावली. रंगारी परसात गेला आणि तिथे एकटाच हसत, डोळे पुसत उभा राहिला.

त्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. सुताराचा मुलगा अंथरुणाला खिळला. साथ येण्याआधी ठकू रोज त्याच्याबरोबर मातीत खेळत होती. भिवरा दर सकाळी तिला न्हाऊ घालताना अंगावरून हात फिरवून पाहायची. काही आलं नाही. सुताराच्या मुलाने फार सोसलं, पण तोही बचावला. साथ ओसरली, तेव्हा दोन्ही घरांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

भिवराने सुतारणीला एका शब्दानेही टोमणा मारला नाही. डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा सुतारीण धाकट्या लेकीला कडेवर घेऊन भिवराच्या दारात आली.

"हिलाही ताप येईल ना गं?" तिने विचारलं.

"येईल," भिवरा म्हणाली. "मी तुझ्याजवळ येऊन बसेन."

आणि दोघी मिळून चावडीकडे निघाल्या.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: लेकरासाठी भीती वाटणं हा आईबापांचा दोष नाही. ती भीती घेऊन जाणत्या माणसाकडे जावं, मोकळेपणाने विचारावं, आणि मग लेकराला ज्याने जपता येईल ते करावं.