तीन कोरड्या पायऱ्या

"चार पावलांत माणूस मरतो का, बाबा?"

टेकडीवरच्या तकियात, आपल्या मठीत, नूरशा फकीर कांदा चिरत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"कोण मेलं?"

"माझा दादा. भिमाप्पा. सत्तर सत्तर फूट विहिरीत दोराने उतरून दगड फोडणारा माणूस! आणि मेला कुठं? दवाखान्यात. खाटेपासून मोरीपर्यंत चार पावलं..."

दुर्गाप्पाने खांद्यावरचा दोर फकिरासमोर आपटला. दादाचाच दोर. तेरावा होऊन तीनच दिवस झाले होते.

"वय?"

"सत्तेचाळीस. शेजारच्या खाटेवर ऐंशीचा म्हातारा होता. सिस्टरच्या हाताला धरून मोरीला जायचा. तो घरी गेला, बाबा. चालत!"

फकीर कांदा चिरत राहिला.

"सिस्टरचीच चूक. खाटेला कठडा लावून निघून गेली. तिथंच उभं राहायचं होतं तिनं!"

"आणि तू?"

"मी स्टुलावर होतो." दुर्गाप्पा दोराकडे बघत म्हणाला. "सिस्टर सांगून गेली होती, औषधाने भोवळ येते, एकटं उठू देऊ नका. दादानं कठडा खाली केला. म्हणाला, मी काय म्हातारा झालोय व्हय? मला हसू आलं. म्हटलं, जा की पैलवान, तुला कोण पाडतंय!"

"मग?"

"मग आवाज आला."

फकीर कांदा चिरायचा थांबला.

"उद्यापासून मी बिनदोराचा उतरणार विहिरीत. धरून तरी काय उपयोग? जाणारा जातोच."

फकिराने दोराकडे पाहिलं. "उतरताना तुझा दादा काही म्हणायचा?"

"'दोर?' म्हणून हाक द्यायचा. मी वरून 'धरलाय' म्हटल्याशिवाय काठावरचा पाय सोडायचा नाही. बारा वर्षांत एकदाही नाही."

"मोरीला जाताना दिली हाक?"

"मोरीला कशाला देईल?" दुर्गाप्पा उसळला. "तिथं काय विहीर होती?"

फकीर उठला. दादाच्याच वयाचा, तसाच भरल्या अंगाचा. अंगणात उतरायला तकियाला तीन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर तो थांबला. मागे न बघता एक हात मागे केला.

"दोर?"

"धरलाय!"

सवयीने तोंडून निघून गेलं. दुर्गाप्पाने आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे. दोर जमिनीवर पडलेला.

त्याला काही कळेना. रडावं, की या माणसाला ढकलून निघून जावं...

"चेष्टा करता का बाबा? चांगले धडधाकट आहात. तीनच तर पायऱ्या. त्याही कोरड्या!"

फकिराने पाय उचलला नाही. हात तसाच मागे धरलेला.

"कोरड्या आहेत, बेटा. म्हणून तर विचारतोय... दोर?"