जुईच्या मांडवातली कडी

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, निळ्याशार नदीच्या वळणावर, केवडा नावाची एक चिमुकली मुलगी तिच्या आत्याकडे राहायची. तिचा परकर ठिकठिकाणी विरलेला होता, आणि चुलीवर बरेचदा नुसती आंबीलच शिजायची. आई तिला आठवत नव्हती. आबा होते, पण घरी नव्हते.

आबा बुरूड होते. बांबूच्या पिवळ्याधमक कामट्यांची ते सुपं, टोपल्या आणि पाळणे विणायचे. एकदा नदीपलीकडच्या मोठ्या बागेतून बाईसाहेबांचं बोलावणं आलं, "आमच्या पोपटासाठी एक पिंजरा विणून द्या." आबा सकाळी गेले. संध्याकाळी घरी निघाले, तर फाटकाच्या उंबऱ्यापाशी त्यांची पावलं आपोआप मागे वळली! पुन्हा निघाले, पुन्हा वळली. तेव्हापासून ते आतच अडकले होते. पिंजरा झाला की नवा पक्षी यायचा, आणि पक्षी आला की नवा पिंजरा लागायचा.

केवडा रोज फाटकाच्या गजांमधून त्यांना भाकरी द्यायची. आबा दरवेळी बजावायचे, "उंबरा ओलांडू नकोस हं, केवडू. इथल्या कशावरही विश्वास ठेवू नकोस. इथली फुलंसुद्धा कोमेजत नाहीत."

एके दिवशी आबा फाटकाशी आलेच नाहीत. आतून नुसता खोकल्याचा आवाज आला. केवडाने उंबऱ्याकडे पाहिलं. मग तिने भाकरीची पुरचुंडी छातीशी धरली आणि पाऊल आत टाकलं.

बाग फार सुंदर होती. गुलाबी गुलाब, जांभळी गोकर्ण, केशरी अबोली! पण पानांवरचं दव भर दुपारीही सुकलेलं नव्हतं. झाडाझाडांवर पिंजरे टांगलेले होते. त्यांत हिरवे पोपट होते, पिवळे हळद्या होते, निळे निळे खंड्या होते. सगळे एकाच वेळी गात होते, एकच गाणं, आणि एकाच वेळी गप्प होत होते. केवडाच्या अंगावर काटा आला.

आबा झोपडीत तापाने फणफणले होते. "का आलीस गं?" एवढंच ते पुटपुटले आणि त्यांनी पाणी मागितलं.

केवडा कारंज्याकडे धावली. कारंज्यामागे जुईचा मांडव होता, आणि मांडवात एक रुपेरी पिंजरा झुलत होता. त्यात पक्षी नव्हता. त्यात बसली होती एक इवलीशी परी! तिचे पंख मोरपंखी रंगाचे होते, पण मिटलेले. केसांत चमचमणारे कण होते, पण डोळे विझल्यासारखे.

"माग," परी हळूच म्हणाली. "प्रत्येकाला एक मागणं मिळतं. काय हवं तुला?"

'माझे आबा' हे शब्द केवडाच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिने ते गिळले. इथल्या कशावरही विश्वास ठेवू नकोस, असं आबांनी बजावलं होतं.

"मागितलं की काय होतं?" तिने विचारलं.

परीने चमकून वर पाहिलं. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही. ऐक. मागितलेलं मिळतं. पण माझ्या पिंजऱ्याला एक गज वाढतो, आणि कुठेतरी कुणीतरी कोंडलं जातं. बाईसाहेबांनी मागितलं, 'माझी बाग कुणी कधीही सोडून जाऊ नये.' मग काय झालं, ते तू पाहतेच आहेस."

"आणि मी आबांची सुटका मागितली तर?"

"आबा सुटतील. दुसरं कुणीतरी अडकेल, अगदी कुणीही."

केवडाने पिंजरा निरखून पाहिला. दाराला कुलूप नव्हतं. बाहेरून नुसती एक बारीकशी कडी होती. "मग ही कडी कुणी उघडत का नाही?"

"जो उघडेल, त्याचं मागणं संपतं. पण सगळे आधी मागूनच मोकळे होतात. आणि एकदा मागितलं, की त्याच्या हाताला ही कडी हलत नाही."

केवडा दोन पावलं मागे सरली. "तू सुटण्यासाठी काहीही सांगशील. कशावरून खरं?"

"मलाही तुझी भीती वाटते," परी म्हणाली. "बाईसाहेब पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यासुद्धा अशाच गोड दिसत होत्या. हातात मधाची वाटी घेऊन आल्या होत्या."

तेवढ्यात पैंजण वाजले. बाईसाहेब आल्या होत्या. अंगावर डाळिंबी रंगाचा शालू, गळ्यात टपोरे मोती. पण डोळे सारखे भिरभिरत होते, एकदा मांडवाकडे, एकदा मागे, एकदा केवडाच्या हातांकडे.

"घाबरू नकोस, बाळ," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "मी रागावणार नाही. माग ना आबांना! मीच परवानगी देते."

केवडाला आणखीनच संशय आला. कुणालाही न सोडणाऱ्या बाईसाहेब आबांना का सोडतील? तिने पाहिलं, पिंजऱ्याचे दोन-तीन गज झिजून दोऱ्यासारखे बारीक झाले होते. नवं मागणं झालं, की पिंजरा पुन्हा पक्का होणार होता!

"बाईसाहेब," तिने विचारलं, "तुम्ही नदीवर शेवटच्या कधी गेला होता?"

बाईसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी गळ्यातले मोती मुठीत धरले. मग म्हणाल्या, "मला... मलाही नाही जाता येत. माझीसुद्धा पावलं वळतात." आणि लगेच त्यांचा आवाज चढला, "पण ती कडी काढू नकोस! काढलीस तर सगळे मला सोडून जातील. बाग जळून जाईल. तुझे आबा मरतील!"

केवडा परीकडे वळली. "कडी काढली तर काय होईल? आबा मरतील?"

परीच्या पापणीवर एक इवलासा थेंब लकाकला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आजवर कुणी काढलीच नाही."

'मला माहीत नाही.' त्या बागेत कुणाच्याही तोंडून न आलेलं बोलणं! 'आबा वाचतील' असं म्हणून परीला सुटता आलं असतं. पण ती तसं म्हणाली नव्हती.

केवडाने डोळे घट्ट मिटले. "आबा, रागावू नका," ती पुटपुटली, आणि तिने कडी काढली.

किर्रर्र करत दार उघडलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पानांवरचं दव टपटप ओघळलं. गुलाबाची एक पाकळी सुकली आणि गळून पडली. रुपेरी गज धुक्यासारखे विरले, आणि बागेतल्या सगळ्या पिंजऱ्यांची दारं उघडली! पण पक्षी बाहेर येईनात. त्यांनाही शंका होती. शेवटी एका खंड्याने मान बाहेर काढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि निळ्या बाणासारखा तो नदीकडे सुटला. मग सगळं आभाळ पंखांनी भरून गेलं, आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं होतं.

काठी टेकत, धापा टाकत आबा झोपडीबाहेर आले. केवडा त्यांना बिलगली.

परी त्यांच्यासमोर तरंगत होती. आता तिचे मोरपंखी पंख झळाळत होते. "तुझं मागणं संपलं, केवडा," ती हसून म्हणाली. "पण माझं देणं राहिलं आहे. मागितलेलं मला द्यावंच लागायचं. हे मी आपणहून देते."

तिने आबांच्या कपाळावर फुंकर घातली, आणि ताप उतरला. मग केवडाच्या तळहातांवर फुंकर घातली. "तुझ्या हातचं विणकाम फुलासारखं हलकं होईल. लांबलांबचे लोक तुझ्या टोपल्या, तुझे पाळणे शोधत येतील. तुमच्या घरात पुन्हा कधी उपास पडणार नाही."

केवडाने हात पाठीमागे लपवले. "याला अट काय?"

"अट नाही."

"नक्की?"

"नक्की," परी खळखळून हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी, चंदेरी किरणं फुटली. सगळी बाग उजळून निघाली, आणि त्या उजेडातच परी मिसळून गेली.

आबा आणि केवडा हात धरून निघाले. उंबऱ्यापाशी दोघांनी श्वास रोखला. पावलं वळली नाहीत. त्यांच्या मागोमाग बाईसाहेबही बाहेर आल्या, अनवाणी. मोकळ्या रस्त्यावर उभ्या राहून त्या दोन्ही बाजूंना पाहू लागल्या. कुठे जायचं, हे त्यांना आठवेना.

"मी... तुमच्याबरोबर येऊ का?" त्यांनी घाबरत विचारलं.

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. केवडानेही बाईसाहेबांकडे नीट निरखून पाहिलं.

"या," ती म्हणाली. "आमच्या दाराला कडी नाही. वाटेल तेव्हा परत जा."