दगडावरचा याकोब

“पण कमी काय आहे, तेवढं तरी सांगा ना, सर...”

सुवार्ता साळवे सकाळपासून हेच विचारत होती. भांबळ सर ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

नगरच्या त्यांच्या शेडमध्ये आम्ही लिथोग्राफी शिकायचो. म्हणजे दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि त्यावरून कागदावर छापायचं. सुवार्ता आमच्यातली सगळ्यात हुशार, आणि ते तिला चांगलंच ठाऊक होतं.

कित्येक महिने खपून तिनं याकोब काढला होता. रात्रभर देवदूताशी झोंबणारा, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडत नाही म्हणून अडून बसलेला, बायबलमधला याकोब. तिच्या पहिल्या प्रदर्शनासाठी तो आजच्या आज छापायचा होता. आणि सरांनी हो म्हटल्याशिवाय दगड प्रेसवर चढत नसे.

ती बसेना, चहा घेईना. नखं कुरतडत दगडाभोवती घिरट्या घालत होती. तिच्यापायी आम्हालाही काही सुधरत नव्हतं.

शेवटी सर उठले. वाकून चित्र पाहिलं.

“देखणं आहे. पण यानं देवदूताला धरलंय कुठं? एस.टी. स्टँडवर निरोप दिल्यासारखा उभा आहे.”

कुणीतरी हसलं. मग काय, सुवार्ता भडकलीच. म्हणाली, हात कसे असतात ते मला शिकवू नका. तुमचं वय झालंय, तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. नको ते बोलून गेली.

सरांनी बादलीतून मूठभर ओली वाळू घेतली. दगड घासून कोरा करायची वाळू. ती फिरली की चित्र गेलं.

मूठ दगडावर आली, तसं तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

“सोड.”

“नाही.”

“सुवार्ता, दुखतंय मला.”

“आधी हो म्हणा... नाहीतर नाही सोडणार.”

तिची बोटं पांढरी पडली होती, नखं सरांच्या कातडीत रुतली होती. मला तिची भीती वाटली, आणि कीवही आली.

सरांनी हिसडा दिला. तिनं आणखी आवळलं.

मग सरांनी मोकळ्या हातानं खडू उचलला आणि तिच्या उजव्या हातात दिला.

“सोडू नकोस. काढ.”