भुंग्याचं नाक

फार जुनी गोष्ट. धुक्यात बुडालेल्या एका माळावर येसू पारधी आणि त्याचा कुत्रा भुंग्या तित्तिरांच्या शिकारीला जात. भुंग्या जिथे थबकेल, तिथे येसूचं जाळं पडायचं आणि पक्षी हमखास सापडायचा.

एका सकाळी भुंग्या गवतापाशी थबकला. आत तित्तिरीण अंड्यांवर बसली होती.

“उडून जा,” तो पुटपुटला.

“कशी जाऊ? पिल्लं आतून टकटक करताहेत.”

भुंग्याने कान दिला. अंड्यांतून स्वप्नातल्यासारखी चिवचिव येत होती.

“काय रे, आहे का काही?” येसूने मागून विचारलं.

भुंग्या शेपटी हलवत पुढे निघून गेला.

दिवसभर काहीच मिळालं नाही. “म्हातारा झालास रे,” येसू हळहळला. “नाक गेलं तुझं.”

भुंग्याने नाक वर केलं. वाऱ्यावर त्याला नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा ओलसर वास येत होता.